गाळलेलं कडवं

शनिवार, ३० सप्टेंबर १९९५. इल्फर्डच्या घरी भोंडला चार वाजता सुरू व्हायचा होता आणि सकाळी अकरापर्यंत शशिधर मामांची तीन कामं उरकली होती. पाटावर हत्ती काढून झाला होता, पांढऱ्या गाजरांसारखे पार्सनिप किसून झाले होते आणि क्रॉयडनहून आलेलं पत्र चौथ्यांदा वाचून झालं होतं.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. साठीपुढच्या लोकांसाठी बांधलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा एका खोलीचा फ्लॅट रिकामा झाला आहे. हवा असल्यास सोबतच्या फॉर्मवर सही करून बुधवारपर्यंत पाठवावा. मामांनी सही केली नव्हती आणि घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगायचं तर आधी बहिणीला सांगायला हवं होतं आणि बहीण या क्षणी हत्तीकडे बघत उभी होती.

"शशी, हा हत्ती आहे की पुलाचा आराखडा?" मधुमतीताईंनी विचारलं.

"एकास पंधरा प्रमाणात आहे, ताई."

"ते दिसतंय. पायांना खिळे ठोकायचे तेवढे राहिलेत."

मामा एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. १९६८ साली ते तीन आठवड्यांसाठी इंग्लंड बघायला आले, तेव्हा मधुमतीताई आणि त्यांचे यजमान चंद्रशेखर दोघंही हॉस्पिटलात डॉक्टर होते. दोघांच्या रात्रपाळ्या एकाच आठवड्यात आल्या. विनय पाच वर्षांचा, उल्का एक वर्षाची. मामांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. चंद्रशेखर जाऊन आता सहा वर्षं झाली होती आणि मधुमतीताई अजूनही नव्या पाहुण्यांना भावाची ओळख करून देताना म्हणत, "हा माझा भाऊ. तीन आठवड्यांसाठी आलाय."

मामा दर वेळी हसत. या ऑगस्टपासून मात्र ते ऐकलं की खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवत.

ऑगस्टमध्ये विनयने बेत मांडला होता. तो आणि रेखा ब्रॅकनेलला राहत. जानेवारीत रेखाचं बाळंतपण होतं. इल्फर्डचं घर विकायचं, ब्रॅकनेलचं घर मागच्या बाजूने वाढवायचं आणि आईने तिकडे राहायला यायचं. मंगळवारी एस्टेट एजंट घर बघायला येणार होता. वाढीव बांधकामाचा नकाशा विनयने मोठ्या विश्वासाने मामांकडेच तपासायला दिला. मामांनी जिन्याची एक चूक काढली, गॅरेजचं दार सहा इंचांनी सरकवलं आणि खोल्यांची नावं वाचली. एका खोलीत 'आई' होतं, एकीत 'बेबी', एकीत 'स्टडी'. नकाशा त्यांनी नीट घडी करून परत दिला आणि दुसऱ्या दिवशी क्रॉयडनला अर्ज टाकला.

"मामा!" जिन्यावरून उल्का ओरडली. "गाण्याच्या शीटच्या बारा कॉप्या आहे ना?"

"आहेत," मामा म्हणाले. दुरुस्तीही तीच होती आणि उत्तरही तेच.

उल्का युनिव्हर्सिटीत लोकसंगीतावर पीएचडी करत होती. त्यासाठी चीनमध्ये, युन्नानच्या डोंगरात लुगू सरोवराकाठी मोसुओ लोकांच्या गावी ती चौदा महिने राहून आली होती. तिथे घर आईच्या बाजूने चालतं. मुलगी सासरी जात नाही, मुलगा आपल्या आईच्याच घरी राहतो आणि बहिणीची मुलं वाढवतो. गावातल्या लामू नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीने तिला एकतीस गाणी दिली. ती लामू आजी गाणार, गावातला मास्तर त्याचं चिनी करणार, उल्का ते इंग्रजीत उतरवणार. आणि आज त्यातलं एक गाणं भोंडल्यात म्हणायचं म्हणून गेले तीन आठवडे मामांनी त्याचं मराठी केलं होतं. उल्काला मराठी बोलता येई, पण तिच्या मराठीत टेबल कधी पुल्लिंगी असे, कधी स्त्रीलिंगी, कधी दोन्ही.

दुपारी एकला विनय आणि रेखा आले. विनयच्या हातात नकाशाची गुंडाळी होती.

"मामा, परफेक्ट झालाय. तुझं नाव आर्किटेक्टला सांगितलं मी. म्हटलं, माय अंकल फाउंड द मिस्टेक."

"हो का? बरं झालं," मामा म्हणाले आणि वेलची कुटायला लागले.

रेखा खुर्चीत बसली. तिला सहावा महिना होता. ती नाशिकची. एका कॉम्प्युटर कंपनीत टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, ही तिची नोकरीच होती. विनयच्या मते ती घरीही ओव्हरटाइम करत असे.

"मामा, खिरापत काय आहे यंदा? मला तरी सांगा. दोन जिवांची बाई आहे मी."

"दोन जिवांना दोनदा ओळखता येईल."

"गेल्या वर्षी क्रंपेट पावाला मेतकूट लावलं होतं याने," मधुमतीताई म्हणाल्या. "पावणेदोन तास बायका डबा हलवत बसल्या. आशाला शेवटची बस चुकली."

"ताई, ओळखता आली तर ती खिरापत कसली?"

चार वाजता फ्रंटरूममधला सोफा भिंतीला लागला. पाहुण्या अकरा जणी आल्या, त्यात दोन गुजराती शेजारणी आणि आशाकाकू. आशाकाकू आल्या की बाकीच्यांना आवाज मोठा करावा लागे. मधोमध पाट ठेवला आणि फेर सुरू झाला. भोंडल्यात पुरुषांना जागा नसते. विनय आणि मामा स्वयंपाकघरात थांबले, दार अर्धं उघडं ठेवून. सासू, सासरा, नणंद, दीर यांचा एकामागून एक उद्धार होत होता आणि दर कडव्याला हशा येत होता.

"आपल्या गाण्यात बघ," विनय म्हणाला. "सगळ्यांना शिव्या आहे. मामाला कोणी काही बोलत नाही."

"शिव्या खायलाही नाव पटावर लागतं," मामा म्हणाले. विनय हसला. ते विनोदच करत आहेत असं त्याला वाटलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी उल्काने टेप लावली.

आधी शेकोटीचा तडतडाट ऐकू आला, कुणीतरी खोकलं आणि मग लामू आजीचा आवाज उठला. पातळ होता, पण सरळ. प्रत्येक कडव्यानंतर चार-पाच बायका एक लांब हाक घालत, पाण्यापलीकडच्या माणसाला घालावी तशी. फ्रंटरूम गप्प झाली. आशाकाकूसुद्धा.

टेप संपल्यावर उल्का म्हणाली, "आता तिकडे टूरिस्टची बस येते. ट्वेंटी मिनिट्स थांबते. मग यंग मुली ड्रेस घालून स्टेजवर दोनच कडवे गातात. एक लेकचं, एक लव्हरचं. बाकीचे कट. लामू आजीची नातच त्या ट्रूपमध्ये आहे. ती म्हणते, आजी, एवढं लांब कोण ऐकणार? आजी म्हणते, मग तू छोटं गा, मी मरेपर्यंत लांब गाते. दोघी एकाच चुलीपाशी बसतात आणि एकमेकींच्या गाण्याची नक्कल करून हसतात."

"आमच्याकडे वेगळं काय आहे?" आशाकाकू म्हणाल्या. "माझ्या सुनेला पहिल्या दोन ओळी येतात, पुढे ती नुसती ला ला ला करते."

कॉप्या वाटल्या गेल्या. बायकांनी मामांचं मराठी गाणं फेरात म्हटलं. चूल राखणारी आजी, तागाचं सूत काढणारी आई, तळ्यावरची होडी. चाल लामू आजीचीच होती आणि हाक घालताना सगळ्या जणी मनापासून ओरडल्या. शेवटी टाळ्या पडल्या.

रेखा फेरात नव्हती. ती खुर्चीत बसून कागदावर पेन्सिलीने खुणा करत होती.

"उल्का, एक कडवं कमी आहे."

"कुठे?"

"टेपवर हाक सहा वेळा येते. इथे पाच कडवी आहेत. मधलं कुठलं तरी एक गळलंय."

उल्काने वही आणली, पानं उलटली आणि मान वर केली. "मामा! इकडे ये."

मामा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबरा नसलेल्या दारात उंबरा असल्यासारखे थांबले.

"चौथं कडवं कुठे गेलं?"

"वृत्तात बसेना."

"बाकीचे पाच बसले?"

"ती बारीक होती."

बायका हसल्या. उल्का हसली नाही. "मामा, हे चिटिंग आहे. तू आणि तिकडचा तो स्टेज मॅनेजर सेम. त्याने पण हेच कडवं पहिलं कट केलं!"

"कसलं कडवं आहे ते?" मधुमतीताईंनी विचारलं.

"मामाचं," उल्का म्हणाली. "आईच्या भावाचं. लामू आजीचं फेव्हरिट आहे ते."

"अगं बाई!" आशाकाकू ओरडल्या. "शशिधर, तुम्ही चुकीच्या देशात उतरलात हो! तिकडे गेला असतात तर सिंहासनावर बसला असतात."

"विमान तिकडे थांबत नव्हतं," मामा म्हणाले. सगळ्या पुन्हा हसल्या. ते वळून आत जायला लागले. मधुमतीताई हसल्या नव्हत्या.

"शशी. तू ते मराठीत केलं होतंस?"

मामांना खोटं बोलता येत असे, पण फक्त खिरापतीबद्दल. "केलं होतं."

"मग म्हण."

"ताई, बायकांचा कार्यक्रम आहे—"

"बायकाच ऐकतायत. म्हण."

मामांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. त्यांना गाता येत नसे. आराखड्यावरची मापं वाचून दाखवावीत तशा आवाजात त्यांनी म्हटलं:

"घाट उतरून मामा आला, मिठाचं ओझं पाठी,
भाचरं निजली कुशीत त्याच्या, बाहेर बर्फाची दाटी;
जोडे त्याचे उंबऱ्याआत, कधीचे पुसू नका,
पाहुणा म्हणून पाट मांडून वेगळा बसवू नका."

हाक कुणीच घातली नाही. गुजराती शेजारणींपैकी एकीने दुसरीला कानात अर्थ विचारला आणि दुसरीने तिचा हात दाबून तिला गप्प केलं.

"छान बसलंय की वृत्तात," आशाकाकू म्हणाल्या, त्यांच्या मानाने फार हळू.

रेखा मामांकडे बघत होती. ऑफिसात एखादा आकडा जुळेनासा झाला की ती अशीच बघे. "मामा, गेल्या रविवारी तुम्ही मला विचारलंत, क्रॉयडनहून ब्रॅकनेलला यायला क्लॅपम जंक्शनला गाडी बदलावी लागते का. क्रॉयडनला कोण राहतं आपलं?"

"सहज विचारलं."

"तुम्ही सहज गाड्या विचारत नाही. तुम्हाला टाइमटेबलं पाठ असतात."

मामांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. उत्तर तेवढ्यातच मिळालं होतं.

मधुमतीताईंनी खिरापतीचा डबा उचलून आशाकाकूंच्या हातात दिला. "हे ओळखा. ओळखल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आम्ही पाच मिनिटांत येतो." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग उल्का, रेखा आणि सगळ्यात शेवटी मामा. दार लावून घेतलं गेलं. पण त्या दाराचा खटका १९८१पासून बिघडलेला होता. ते लागल्यासारखं दिसे आणि बोटभर उघडं राही.

पत्र टेबलावर आलं. विनयने ते वाचलं आणि त्याचे कान लाल झाले.

"मामा, तू व्हाय डिडन्ट यू— मी विचारलं होतं तुला! ऑगस्टमध्ये. मी म्हटलं, आई आमच्याकडे येईल, तुझं काय. तू म्हटलं, माझं काय, मी कुठेही राहीन. मला वाटलं, ही वॉन्ट्स हिज ओन प्लेस. सत्तावीस वर्षं आमच्यात अडकला, आता फ्री होऊ दे."

"मी म्हटलं होतं खरं," मामा म्हणाले. "त्याची चूक नाही, ताई."

"विन्या," मधुमतीताईंनी कपाळाला हात लावला. "'मी कुठेही राहीन' असं माणूस म्हणतं तेव्हा त्याला पुन्हा विचारायचं असतं. निदान दोनदा."

"हे मला कोणी सांगितलं नाही!"

"कोण सांगणार? तुला सगळं यानेच शिकवलं. हे तेवढं स्वतःच्या सोयीसाठी शिकवलं नाही."

उल्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने दोन्हीसाठी एकच पेपर टॉवेल वापरला. "आणि आई, तू? तू तरी विचारलं त्याला?"

 हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल देताना मधुमतीताईंनी कधी प्रश्न टाळला नव्हता. "नाही. मी धरूनच चालले होते. मी जाईन तिथे शशी येणार. फ्रिज येतो तसा."

"फ्रिजचं माप नकाशात आहे, ताई," मामा म्हणाले.

हे मात्र त्यांच्या तोंडून निसटलं होतं. विनयने गुंडाळी टेबलावरून उचलली आणि कुठे ठेवावी हे न कळून पाठीमागे धरली.

"मी स्टडी काढतो," तो म्हणाला. "मामाची रूम करतो. आजच फोन करतो."

"काही नको रे," मामा म्हणाले. "क्रॉयडनला बाग आहे. लिफ्ट आहे. मी आरामात—"

"थांबा," रेखा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि एक हात कमरेवर होता. "मामा, तुम्ही बोलू नका, तुम्ही खोटं बोलताय. विनय, तू पण बोलू नकोस, तू घाबरलायस. मला एक सांगायचंय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं माहेर नाशिकला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला येता येत नाही आणि मला जाता येत नाही. गेले दोन महिने मी रोज रात्री विचार करतेय, जानेवारीत माझ्याजवळ कोण असेल? डॉक्टर आहेत या घरात. मला रात्री तीनला मूल खांद्यावर घेऊन गप्प उभं राहणारं माणूस हवंय. ते विनयला येत नाही. आई, रागावू नका, ते तुम्हालाही येत नाही."

"अजिबात येत नाही," मधुमतीताई म्हणाल्या. "दोन्ही मुलं यानेच झोपवली. मी इतरांना झोपवत होते."

"मग मी जानेवारीत इथे येते. इल्फर्डला. हे माझं माहेर. घर यंदा विकायचं नाही, निदान बाळ चालायला लागेपर्यंत तरी नाही. एजंटला मीच फोन करून नको म्हणते."

"बट रेखा, बिल्डरला आपण—"

"बिल्डरचं तू बघ."

विनयने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, मग बहिणीकडे. सकाळपर्यंत तिघी त्याच्या बाजूच्या होत्या. "ओके," तो म्हणाला. "ओके. आय अॅम आउटनंबर्ड." आणि मग मामांकडे वळून, लहानपणी शाळेच्या फाटकात म्हणत असे तशा आवाजात, "सॉरी, मामा."

मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिना मात्र चांगला झालाय," ते म्हणाले. ओढणी खाली पडावी तसा सगळ्यांच्या खांद्यांवरून ताण उतरला. उल्काने किटली लावली. मामा फॉर्म उचलायला पुढे झाले. "तर मग ठरलं. रेखाला गरज आहे, मी थांबतो."

"नाही," मधुमतीताई म्हणाल्या.

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला.

"रेखाला गरज आहे हे कळलं. अडुसष्टमध्ये मला गरज होती, तेही कळलं होतं. तू थांबलास. दर वेळी कुणाला तरी गरज होती म्हणून थांबलास आणि मी ते सत्तावीस वर्षं तीन आठवड्यांत मोजत राहिले. मी चेष्टा करत होते, शशी. पण चेष्टाच करत होते, विचारलं कधीच नाही. आता विचारते. गरज बाजूला ठेव. तुला काय हवंय?"

"ताई, मला काय, मी—"

"कुठेही राहीन म्हणालास तर ही किटली डोक्यात घालेन. दुसऱ्यांदा विचारते. तुला कुठे राहायचंय?"

मामांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा ठेवलं. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं असं नाही. ते फार वर्षं तयारच होतं. ते द्यायची वेळ येईल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"इथे," ते म्हणाले.

"इथे काय?"

"इथे राहायचंय मला. या घरात. तुझ्याबरोबर. कुणाला गरज असो-नसो."

"ऐकू आलं नाही. मोठ्याने बोल."

"ताई, बाहेर बायका आहेत."

"म्हणूनच."

मामांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे, एकदा भाचीकडे. मग उल्काच्या टेपवरल्या त्या तळ्याकाठच्या बायकांनाही लाज वाटली असती एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "मला इथे राहायचंय!"

 बोटभर उघड्या दारातून फ्रंटरूममधल्या अकरा जणींचा एकदम आवाज आला:

"ऐकलं!"

आणि त्यांच्यामागून एकटा, आशाकाकूंचा:

"मघाशीच ऐकलं होतं! पण म्हटलं, तुम्हाला एकदा म्हणू तर दे."